चार किलो जव

तिसऱ्या प्रकरणात मी चाळीस हजारांचं सैन्य
एका वाक्यात खिंडीपार नेलं होतं.
वाक्य चांगलं होतं. निशाणं होती त्यात,
आणि भाल्यांच्या टोकांवर उगवणारा सूर्य.

येर्नेय मामानं पान उलटलं नाही.
तोल्मिनमधल्या त्याच्या स्वयंपाकघरात
तव्यावर बटाटा-चीजची फ्रिका खरपूस होत होती,
खाली सोचा नदी दगडांशी हुज्जत घालत होती.
"जेवले का हे?" त्यानं विचारलं.
"कोण?"
"हेच. चाळीस हजार."

कानामागची सुतारी पेन्सिल काढून
त्यानं माझ्या सूर्योदयावरच आकडे मांडले.
माणशी रोज किलोभर पीठ. वीस मुक्काम. आठशे टन.
खेचर वाहतं शंभर किलो
आणि रोज खातं चार किलो जव,
कारण बर्फाखाली गवत नसतं, नेझा,
आणि निशाणं खाऊन खेचर चालत नाही.
वीस दिवसांत ऐंशी किलो त्याच्याच पोटात.
उरले वीस.
म्हणजे माणसामागं एक खेचर,
आणि खिंडीत सगळी एकामागं एक.
पहिलं बारा मुक्काम पुढं गेलं
तरी शेवटचं अजून दावणीलाच.

"माझ्याकडं ड्रॅगन आहे," मी म्हटलं.
"तो काय खातो?"

त्या हिवाळ्यात माझं सैन्य सहा हजारांवर आलं.
ड्रॅगन सातव्या प्रकरणात भुकेनं मेला,
मला दोन दिवस वाईट वाटलं.
नालांचे खिळे आले, ओल्या पिठाची बुरशी आली,
कुणाचे बूट कुणाच्या पायांत आले.
लढाई अकरा ओळींत आटोपली.
तिच्याआधीची दोनशे पानं
माणसं नुसती चालत होती
आणि मागं वळून खेचरं मोजत होती.

त्यातल्या एका खेचराला मी नाव दिलं, लेस्का.
न विचारता घेतलं.
मामाच्या रेडिओमागं एक फोटो आहे:
डोंगरी पलटणीतला विशीचा पोरगा,
शेजारी लांब कानांचं तोंड,
फोटो काढणाऱ्यावर जराही विश्वास नसलेलं.
मागं पेन्सिलीनं तेच नाव.
पलटण मोडली तेव्हा खेचरांचा लिलाव झाला.
मामा सलामी खात नाही.
आईनं मला एवढंच सांगितलं होतं.

हिशोबात लेस्का सतराव्या दिवशी कापली जात होती.
आकडे त्याचेच, मी फक्त पाळले.
हे पान वाचताना
पेन्सिल कानामागंच राहिली.
त्यानं चष्मा पुसला, फ्रिका उलटवली,
ती करपलेलीच होती.
"बरोबर आहे," म्हणाला. "असंच होतं."
आणि मला दारापर्यंत सोडायला आला नाही.

पहाटे साडेपाचला फोन.
"तुझ्या राजाचा तंबू किती वजनाचा?"
"काय?"
"खांब, गालिचे. ते पितळी घंगाळ,
ज्यात तो दहाव्या प्रकरणात उगाच बसतो."
मी अंथरुणातच हिशोब केला.
"तीन खेचरांचं ओझं असेल."
"टाकून दे दरीत. तीनशे किलो जव भर.
एका जिवाला पंच्याहत्तर दिवस.
जाऊन परत येईल ती.
मी रात्रभर तपासलंय, कुठं खोट नाही."
"आणि राजा?"
पलीकडं नदीचा आवाज तेवढा येत राहिला.
मामानं बहुधा खिडकी उघडी ठेवली होती.
"त्याला घोंगडं दे एक," तो म्हणाला. "जाडसर."

तेव्हापासून माझा राजा उघड्यावर झोपतो.
दाढीत बर्फ, उशाला खोगीर,
आणि झोप येत नाही,
कारण त्याच्या कानाशीच
कुणीतरी रात्रभर
सावकाश जव चावत असतं.